अडीचशे कोटी ठोके आणि दोन मिलिमीटर

आईचं वय ६८. मिनिटाला ७० ठोके धरले, तर तिच्या हृदयाचे आजवर सुमारे २५० कोटी ठोके पडले आहेत. लहानपणी ठोके याहून जलद पडतात, म्हणजे खरा आकडा थोडा मोठाच असणार. त्यातले चौदाशेएक ठोके गेल्या महिन्यात मी डोळ्यांनी पाहिले. टू-डी इकोच्या अंधाऱ्या खोलीत, तिच्या पायाशी स्टुलावर बसून, वीस मिनिटं.

"आजी, डाव्या कुशीवर व्हा. डावा हात डोक्याखाली घ्या," डॉक्टर म्हणाल्या. डाव्या कुशीवर झालं की हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं आणि मधलं फुप्फुस थोडं बाजूला होतं. छातीवर तीन इलेक्ट्रोड चिकटले. गार जेल लागलं तशी आई शहारली. छातीच्या मधल्या हाडाला लागून, बरगड्यांमधल्या फटीत डॉक्टरांनी प्रोब टेकवला आणि काळ्या पडद्यावर हातपंख्याच्या आकाराचं करडं चित्र उघडलं. त्यात एक पातळ पापुद्रा उघडत होता, मिटत होता.

"ही मायट्रल झडप," डॉक्टर म्हणाल्या.

आईने मान वळवून पडद्याकडे बघितलं. "हे माझंच का हो?"

त्या खोलीतून बाहेर पडल्यापासून मी आकडे मांडतो आहे. हृदयाचे आकडे कोटींत जातात हे शाळेपासून ऐकलं होतं. पण तिथे पडद्यावर डॉक्टर जे मोजत होत्या ते सगळं मिलिमीटरमध्ये आणि सेकंदाच्या हजाराव्या भागांमध्ये होतं. कोटींचा सगळा डोलारा या बारीक मापांवर उभा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

कटिंगच्या ग्लासाएवढं

हृदय साधारण आपल्या मुठीएवढं, वजनाने सुमारे ३०० ग्रॅम. चार कप्पे, चार झडपा. वरचे दोन कप्पे रक्त गोळा करतात, खालचे दोन, म्हणजे जवनिका, ते पुढे ढकलतात. एका ठोक्याला डाव्या जवनिकेतून सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासात मावेल, एवढंच.

आता हा ग्लास मिनिटाला ७० वेळा भरून ओता. मिनिटाला ५ लिटर झाले. शरीरात एकूण रक्तही ५ लिटरच्या आसपासच असतं. म्हणजे दर मिनिटाला जवळजवळ सगळं रक्त हृदयातून एक फेरी मारून जातं. दिवसाला ७,२०० लिटर होतात, २०० लिटरची ३६ पिंपं. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहून ज्यांनी एकेक पिंप भरलं आहे, त्यांना ३६ पिंपं म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षाला होतात २६ लाख लिटर. माणसाची अठरा ते अडुसष्ट एवढीच पन्नास वर्षं धरली तरी १३ कोटी लिटर. १० हजार लिटरचा एक, असे १३ हजार टँकर. टँकर आठेक मीटर लांब धरला आणि एकाला एक चिकटून उभे केले, तर पुण्यातून निघालेली रांग साताऱ्याच्या जवळ जाऊन पोचेल.

हे सगळं काम किती ताकदीवर चालतं? विश्रांतीच्या अवस्थेत डावी जवनिका रक्ताला जी गती आणि दाब देते, त्याची शक्ती भरते जेमतेम १ वॅट. देवघरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढी. पण हा दिवा विझत नाही. दिवसभराचं काम एकत्र केलं तर एक टन वजनाची मोटार उचलून तिसऱ्या मजल्यावर ठेवता येईल. त्यासाठी लागणारं इंधन हृदय साठवून ठेवत नाही. पेशींचं चलन म्हणजे एटीपी हा रेणू. हृदय दिवसाला सुमारे ६ किलो एटीपी बनवतं आणि लगेच खर्च करून टाकतं. स्वतःच्या वजनाच्या वीसपट. हाताशी असलेला साठा काही सेकंदांपुरताच असतो, आणि म्हणूनच हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली की हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटामिनिटाला किंमत असते.

हे काम करणाऱ्या पेशीही बहुतांश जुन्याच असतात. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतले योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे एका विलक्षण पद्धतीने दाखवलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि नंतर उतरत गेला. पेशी जन्मली त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएमध्ये नोंदलं जातं. त्या नोंदी वाचून त्यांनी हृदयाच्या स्नायूपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला फक्त १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अख्ख्या आयुष्यात निम्म्या पेशीही बदलत नाहीत. पडद्यावर आईच्या हृदयाची जी भिंत हलताना मी पाहत होतो, तिच्यातल्या बऱ्याच पेशी ती पाळण्यात होती तेव्हापासूनच्या होत्या.

मग त्या दमत का नाहीत? ठोक्यांच्या मधे थांबतात म्हणून. मिनिटाला ७० ठोके असताना एक ठोका सुमारे ८६० मिलिसेकंदांचा असतो. त्यातले ३०० मिलिसेकंद आकुंचनाचे, उरलेले ५६० सैल होऊन भरून घेण्याचे. दिवसाचा हिशोब केला तर जवनिका सव्वाआठ-साडेआठ तास आकुंचन पावते आणि साडेपंधरा तास सैल असते. स्वतःला लागणारं बरंचसं रक्तही डावी जवनिका या सैल वेळातच घेते, कारण आकुंचनात तिच्याच भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. सैल होणं हेही फुकट होत नाही, त्यालाही ऊर्जा लागते. वय, रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे पुष्कळदा हेच सैल होणं आधी बिघडतं.

एका मिलिलिटरची चूक

हृदय म्हणजे खरं तर शेजारीशेजारी बसवलेले दोन पंप. उजवा पंप रक्त फुप्फुसांत ढकलतो, डावा सगळ्या अंगात. फुप्फुसांचा मार्ग जवळचा आणि मोकळा; तिथे वरचा दाब २५ पुरतो. डाव्या बाजूला १२० लागतो. म्हणून उजव्या जवनिकेची भिंत ५ मिलिमीटरपर्यंतच असते आणि डावीची बायकांमध्ये ६ ते ९, पुरुषांमध्ये ६ ते १० मिलिमीटर. दाब वेगळे, भिंती वेगळ्या, पण ढकलायचं रक्त मात्र दोघांनाही सारखंच.

सारखं म्हणजे किती सारखं? समजा, उजवा पंप दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर जास्त रक्त देऊ लागला. ७० मध्ये १. इंजेक्शनच्या सिरिंजमधली एक छोटी खूण. मिनिटाला ७० मिलिलिटरची तफावत होईल. तासाला ४.२ लिटर. म्हणजे तासाभरात अंगातलं बहुतेक रक्त फुप्फुसांत जाऊन साचेल. असं होत नाही, कारण कप्प्यात रक्त जास्त आलं की स्नायूचे धागे जास्त ताणले जातात, आणि जास्त ताणलेला धागा पुढच्या ठोक्याला जास्त जोराने आखडतो. जास्त आलेलं आपोआप जास्त बाहेर जातं. जर्मनीतले ओटो फ्रँक आणि इंग्लंडमधले अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मेंदूला विचारायला न जाता, ठोक्याठोक्याला, दोन्ही पंप आपला हिशोब असा जुळवून घेतात. दिवसातून एक लाख वेळा.

बोलतं सहा सेकंद

आता तो प्रोब. त्याच्या तोंडाशी स्फटिकांच्या बारीक पट्ट्यांची ओळ असते, बहुधा ६४ किंवा त्याहून जास्त. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं होतं. याच्या उलटही घडतं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. या थरथरीतून आवाज निघतो, सेकंदाला सुमारे २५ लाख कंपनांचा. माणसाचा कान २० हजारांच्या वर ऐकत नाही. इतका उंच आवाज कशाला? कारण लाटेची लांबी. एक हजार कंपनांचा साधा आवाज हवेत फुटाहून लांब लाटांनी जातो; त्याला झडपेचा पापुद्रा 'दिसणार' कसा? २५ लाख कंपनांच्या आवाजाची लाट शरीरात फक्त ०.६ मिलिमीटर असते. झडपेची पाकळी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, म्हणून लाटही तेवढीच बारीक हवी.

हा आवाज मऊ अवयवांतून सेकंदाला १,५४० मीटर वेगाने जातो. १६ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला २०८ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले २०८. आवाजाचा एकेक ठोसा असतो साधारण १ मायक्रोसेकंदाचा. म्हणजे यंत्र १ भाग बोलतं आणि २०७ भाग कान देऊन थांबतं. सेकंदाला असे ४,८०० ठोसे. शंभरेक ठोसे मिळून एक चित्र धरलं, तर सेकंदाला ४८ चित्रं आणि एका ठोक्याला एक्केचाळीस. हा हिशोब साध्या मांडणीचा. आजची यंत्रं एका ठोशात अनेक दिशांचे प्रतिध्वनी एकदम ऐकून याहून पुढे जातात. पण या साध्या हिशोबाने वीस मिनिटांच्या तपासणीची बेरीज केली, तर यंत्र बोललं सगळे मिळून सहा सेकंदांहूनही कमी. बाकीचा वेळ ऐकत होतं.

आणि जे ऐकायचं ते किती क्षीण! ऊतींमधून जाताना आवाज विरत जातो. १६ सेंटिमीटर खोल जाऊन येईपर्यंत त्याचा दहा हजारावा भाग उरतो. त्यातही दोन मऊ ऊतींच्या सीमेवरून शंभरातला एखादा भागच मागे फिरतो. म्हणजे पाठवलेल्या दहा लाख भागांतला एक, कधी त्याहून कमी, प्रोबकडे परत येतो आणि त्यातून झडप उमटते. मधे हवा आली तर सगळंच संपलं, कारण ऊती आणि हवेच्या सीमेवरून जवळजवळ सगळा आवाज उलटून येतो. आईला शहारे आणणारं ते गार जेल प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवा हटवायला असतं. "श्वास सोडा, आणि तसाच धरा," असं डॉक्टर पुन्हापुन्हा सांगत होत्या तेही हवेने भरलेलं फुप्फुस आड येऊ नये म्हणून.

गोदीतलं यंत्र

ही युक्ती हृदय तपासायला पहिल्यांदा वापरली गेली ती स्वीडनमधल्या लुंड गावात. इंगे एडलर हे तिथले हृदयरोगतज्ज्ञ. मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधलं दार, आखडलेल्या रुग्णांवर तेव्हा शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या, पण झडप आखडली आहे की गळते आहे हे छाती उघडण्याआधी खात्रीने कळायची सोय नव्हती. त्यांना साथ मिळाली हेलमुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाची. जहाजांच्या लोखंडातल्या भेगा शोधायला माल्मो शहरातल्या कोकुम्स गोदीत ध्वनिलहरींचं एक यंत्र वापरत. हर्ट्झ यांनी ते यंत्र तिथे जाऊन स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं, आणि ठोक्याबरोबर हलणारा एक प्रतिध्वनी त्यांना दिसला. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. त्यात एकच रेघ होती. आज पडद्यावर सेकंदाला हजारो रेघा विणल्या जातात.

हर्ट्झ हे आडनाव वाचकांना ओळखीचं वाटलं असेल. कंपनं मोजण्याचं एकक ज्यांच्या नावाने आहे ते हाइनरिश हर्ट्झ हे हेलमुथ यांचे चुलत आजोबा. इकोच्या पडद्याच्या कोपऱ्यात बहुधा 'मेगाहर्ट्झ' लिहिलेलं असतं. त्या एका शब्दात आजोबांच्या भावाचं नाव आणि नातवाचं काम शेजारीशेजारी बसलं आहे. १९७७ साली एडलर आणि हर्ट्झ यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

ज्या झडपेसाठी एडलर धडपडले ती आखडते प्रामुख्याने संधिवाताच्या तापामुळे, लहानपणी घसादुखीच्या जंतूंनंतर येणाऱ्या तापामुळे. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास गेला. आपल्याकडे अजून आहे, आणि आजही तो आधी पकडला जातो तो याच पडद्यावर.

साठ टक्के म्हणजे किती

"पंपिंग साठ टक्के आहे. छान आहे," डॉक्टर म्हणाल्या.

आई एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे चाळीस टक्के गेलंच की."

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या किती घरांत पडत असेल! रिपोर्टवर ६० वाचून परीक्षेतले गुण आठवतात. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र थांबवून आईला दाखवलं. पूर्ण भरल्यावर डाव्या जवनिकेत सुमारे १२० मिलिलिटर रक्त मावतं. ठोक्याला बाहेर पडतं ७०. आत राहतं ५०. ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के. "हृदय पूर्ण रिकामं व्हायचंच नसतं, आजी. बायकांमध्ये ५४ ते ७४ म्हणजे ठणठणीत." आईचा चेहरा सुटला.

या ६० टक्क्यांमागे दडलेला आकडा मला त्याहून थक्क करून गेला. स्नायूचा एकेक धागा ठोक्याला आखडतो फक्त १५ ते २० टक्के. मग १५-२० टक्क्यांतून ६० टक्के रक्त बाहेर कसं जातं? धाग्यांच्या मांडणीमुळे. भिंतीच्या बाहेरच्या थरातले धागे एका दिशेने तिरके गुंडाळलेले, आतल्या थरातले उलट दिशेने. आकुंचनात हृदयाचं टोक एका बाजूला वळतं, वरचा भाग दुसऱ्या बाजूला, आणि धुतलेलं लुगडं पिळावं तशी जवनिका पिळली जाते. टोक जवळजवळ जागेवरच असतं. झडपांची पातळी दीडेक सेंटिमीटर खाली उतरते. भिंत जाड होते, आतली पोकळी मिटत जाते. डॉक्टर डाव्या जवनिकेचे १६ किंवा १७ भाग पाडून प्रत्येकाची हालचाल वेगळी पाहतात. झटक्याने स्नायूचा एखादा भाग मेला असेल, तर बाकीचे पिळले जात असताना तो थिजून राहिलेला दिसतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतले ब्लॉकेज साध्या इकोत दिसत नाहीत. आरामात पडून केलेला इको चांगला आला म्हणून छातीत दुखणं अंगावर काढू नये.

वेगाचा वर्ग, गुणिले चार

पडद्यावर रक्त काळं दिसतं. बघणाऱ्याला तिथे पोकळी आहे असं वाटतं. पण त्या काळोखात गर्दी आहे. एका थेंबाच्या पन्नासाव्या भागात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. एका ठोक्याला बाहेर पडणाऱ्या ७० मिलिलिटरमध्ये ३५ हजार कोटी. प्रत्येक पेशी ७-८ मायक्रॉनची, आवाजाच्या लाटेच्या पाऊणशेव्या भागाएवढी. एकटी पेशी आवाजाला दिसत नाही. कोट्यवधींची गर्दी मिळून एक पुसटसा प्रतिध्वनी देते, तोही चित्रात उमटण्याजोगा नसतो.

तो चित्रात दिसत नसला तरी ऐकू येतो. प्राग शहरात ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेलं तत्त्व आपण रोज अनुभवतो: जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा वाटतो, लांब जाणाऱ्याचा उतरता. रक्त सेकंदाला १ मीटर वेगाने प्रोबकडे आलं, तर २५ लाख कंपनांचा आवाज परतताना सुमारे ३,२५० कंपनांनी चढतो. म्हणजे हजारात सव्वा कंपनाचा फरक. आणि योगायोग असा की हा फरक नेमका माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतो. म्हणून यंत्र तो थेट ऐकवतं. आईच्या खोलीत मधेच जो हूश... हूश... आवाज घुमला, तो तिच्या धावत्या रक्ताचा होता.

वेग कळला की दाब कळतो. १९७० च्या दशकात नॉर्वेमधल्या ट्रॉनहाइम गावी लीव्ह हाटले आणि ब्योर्न आंगेल्सेन यांनी हे काम रुग्णांच्या उपयोगी आणलं. सूत्र इतकं छोटं की पाढे येणाऱ्या कुणालाही जमेल: वेगाचा वर्ग करा, चारने गुणा. अरुंद झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. वेग १ असेल तर फरक ४. वेग २ तर १६. वेग ४ तर ६४. वेग ५ तर १००. पूर्वी हाच आकडा काढायला रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत न्यावी लागे.

एओर्टिक झडप म्हणजे डाव्या जवनिकेतून महाधमनीत उघडणारं दार. ती पूर्ण उघडते तेव्हा वाट ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची असते, एक रुपयाच्या नाण्याएवढी. दिवसाला लाखदा उघडमीट करून कॅल्शियम साचत गेलं की पाकळ्या कडक होतात. वाट १ चौरस सेंटिमीटरवर आली, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढी झाली, की रक्त त्यातून सेकंदाला ४ मीटरहून जास्त वेगाने उसळतं. ताशी साडेचौदा किलोमीटर. एखाद्या धावपटूचा वेग. बाहेर अंगाला १२० चा दाब मिळावा म्हणून जवनिकेला आत त्याहून ५०-६० ने, कधी १०० ने जास्त दाब निर्माण करावा लागतो. दंडाला पट्टा लावून हे कळत नाही, कारण पट्टा झडपेच्या बाहेरचा दाब मोजतो.

मागचा रिपोर्ट

आईच्या एओर्टिक झडपेवरचा वेग निघाला सेकंदाला २.६ मीटर. वर्ग करून चारने गुणलं तर २७. सौम्य आखडलेली. मधल्या भिंतीची जाडी ११ मिलिमीटर. वरची मर्यादा ९. वीस वर्षांच्या रक्तदाबाने दोन मिलिमीटर वाढवले. अडीचशे कोटी ठोक्यांच्या शेवटी, दोन मिलिमीटर.

डॉक्टरांनी मग तो प्रश्न विचारला, ज्याने माझी मान खाली गेली. "मागचा रिपोर्ट आणलाय का?"

मागचा इको चारेक वर्षांपूर्वी झाला होता. घराला रंग दिला तेव्हा कपाट आवरताना ती फाइल मीच रद्दीत दिली. 'सगळं नॉर्मल होतं' एवढंच आठवत होतं. आता ते नॉर्मल म्हणजे वेग १.४ होता की २.३, भिंत ९ होती की १०.५, हे सांगायला कुणीच नव्हतं. आणि उपचाराचं वेळापत्रक नेमकं त्यावरच ठरतं. आखडलेल्या एओर्टिक झडपेवरचा वेग सरासरीने वर्षाला सुमारे ०.३ मीटरने वाढतो. कुणाचा फार हळू, कुणाचा झपाट्याने. १.४ वरून चार वर्षांत २.६ आणि २.३ वरून २.६ ही दोन वेगळी हृदयं आहेत, त्यांना वेगळ्या तारखा लागतात. आजचा एकच आकडा फक्त जागा सांगतो. वाट कुठून आली आणि किती वेगाने चालली आहे, ते दोन आकड्यांशिवाय कळत नाही. माप घेतानाही एखाद्या मिलिमीटरचा फरक होतो, माणूस बदलला की होतोच. म्हणून दोन रिपोर्ट, जमल्यास चित्रांसकट, शेजारी ठेवून पाहावे लागतात.

डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून वर्षभरानेच बोलावलं आहे. आई परतताना रिक्षात म्हणाली, "त्या बाईंनी दाखवलं ना, ते पापुद्रं कसं हलत होतं. इतकी वर्षं हलतंय, मला पत्ताच नाही."

वाचणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगणं आहे. घरात कुणाचाही टू-डी इको झाला असेल, तर तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका. तारीख वर लिहून प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, मोबाइलवर फोटो काढा, सीडी दिली असेल तर तीही जपा आणि पुढच्या वेळी बरोबर न्या. आईची नवी फाइल आता रेशनकार्डाच्या शेजारी ठेवली आहे. तिच्यावर पहिला आकडा लिहिला आहे: २.६.